शालनताईचं लांब वाक्य

पिंपरीजवळच्या चिखलीत मावशीची खोली एका वर्कशॉपच्या डोक्यावर होती. खाली दिवसभर लेथ चालायची आणि तिची थरथर फरशीतून वर येऊन तळपायांना लागायची. फळीवरची भांडी त्या थरथरीनं हळूहळू पुढं सरकायची; संध्याकाळी मावशी कोंबड्या डालल्यासारखी एकेक भांडं परत मागं ढकलायची आणि म्हणायची, "आजपण ही वाटीच सगळ्यात पुढं. हिला कुठं जायचंय कोण जाणे." मला त्या खोलीत पहिले काही महिने नीट झोप लागली नाही, पण ती थरथरीमुळं नव्हे. जिंतूरकडच्या आमच्या गावातून मी आले तेव्हा नववीत शाळा सुटलेली, अंगावर मावशीचेच आखूड करून घेतलेले ड्रेस, आणि डोक्यात सारखा एकच घोर, की यांनी परत पाठवलं तर काय. पाठवणार कुणी नव्हतं. मावशीनं किंवा काकांनी तसा शब्दही कधी काढला नाही. पण आयतं वाढलेलं जेवणाऱ्याला वाढणाऱ्याच्या हाताकडं बघत घास घ्यायची खोड लागते, आणि ती खोड मला आज घरात सुना आल्या तरी गेलेली नाही.

जेवणात बहुतेक येसराची आमटी असायची. गावाकडून कुणी आलं की आई धान्य-मसाले भाजून दळलेलं येसर प्लास्टिकच्या बरणीत भरून पाठवायची. बरणीचं झाकण उघडलं की सगळ्या खोलीला आमच्या स्वयंपाकघराचा वास यायचा आणि मी उगाच खिडकीशी जाऊन उभी राहायचे. काका लगेच ओळखायचे. ते खालच्याच वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं सीएनसी मशीन चालवायचे, बोलायचे कमी, पण अशा वेळी मुद्दाम काहीतरी विषय काढायचे. "आज आमच्या मशीननी इंग्लिशमधून शिव्या दिल्या," असं काहीतरी. मग मावशी म्हणायची, "तुम्हाला कळल्या काय?" आणि काका म्हणायचे, "नाही ना. म्हणून तर राग आला नाही."

माझी कंपनी चाकणला होती. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग दाबून काढायचे. मोशीवरून बस जायची, आणि गेटच्या आत पाऊल टाकायच्या आधीच प्रेसचा आवाज पोटात ऐकू यायचा. कानात नव्हे, पोटात. एक प्रेस खाली येऊन पत्र्यावर बसायची तोवर दुसरी उठायची, आणि या दोन धपक्यांच्या मधे जेवढी जागा मिळेल तेवढ्यात लाइनवरच्या बायका बोलून घ्यायच्या. मला तिथं शालनताईच्या शेजारी उभं केलं होतं. शालनताई चाकणच्या पलीकडच्या एका वाडीतली, पस्तिशीची, अंगानं सडपातळ, आणि बोलायला अशी की तिच्यासमोर सुपरवायझर पोखरकरसुद्धा दोन शब्द कमी बोलायचा. पत्रा कसा धरायचा, हातमोज्याची बोटं कशी घट्ट करायची, कँटीनचा राजमा कुठल्या वारी खायचा नाही, हे सगळं मला तिनं शिकवलं. डब्यातला ठेचा माझ्या भाकरीवर परस्पर ठेवायची. "खा गं. तुज्या मराठवाड्यात तिखाट खात्यात म्हनं. आमालाबी बगू दे."

त्या लाइनवर एक रीत होती, आणि या प्रकरणातलं पुढचं सगळं त्या रीतीवरून घडलं म्हणून ती सांगायला हवी. काहीही झालं की आधी म्हणायचं, "चुकी झाली साहेब." पत्रा वाकडा आला, चुकी झाली साहेब. चहा सांडला, चुकी झाली साहेब. बस उशिरा आली म्हणून सगळ्यांनाच पोचायला उशीर झाला, तरी गेटवर पहिलीनं तेच म्हणायचं आणि तिच्या मागून ओळीनं सगळ्यांनी. ते म्हटलं की साहेब शांत व्हायचा, आणि मग खरं काय झालं ते सांगायला सवड मिळायची. कुणी कुणाला ते शिकवलं नव्हतं. देवळात शिरताना चपला काढतात तसं ते बोलण्याच्या आधी यायचं. माझ्या तोंडात ते इतकं बसलं की एकदा घरी आमटी उतू गेली तर मी गॅसकडं बघून म्हणाले, "चुकी झाली." मावशी कणीक मळत होती. "त्या आमटीला काऊन माफी मागायलीस? ती तुझी साहेब हाय का?"

लाइनवरून मला टेबलावर आणलं ते सबनीस सरांनी. सर कंपनीत सुरक्षेचं बघायचे. कुठं अपघात झाला, कुठं होता होता टळला, याचा अहवाल रोज इंग्रजीत हेड ऑफिसला पाठवायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांच्या हाताखालची मुलगी लग्न होऊन गेली होती. गेटजवळच्या फळ्यावर मी खडूनं सूचना उतरवायचे, त्यातलं माझं अक्षर त्यांनी पाहिलं आणि एक दिवस मला बोलावून विचारलं, "यातलं तुला किती कळतं?" मी खरं ते सांगितलं, की अक्षरं कळतात, अर्थ निम्मा कळतो. सर म्हणाले, "निम्मा पुष्कळ झाला. उरलेला मी देतो." मला खुर्ची मिळाली. पंखा मिळाला. आठ तास उभं राहून सुजणाऱ्या पायांना टेबलाखाली पसरायला जागा मिळाली. पण ते कच्चं होतं. प्लँट मॅनेजरांनी सरांना बजावलं होतं, की पोरगी कॉन्ट्रॅक्टची मुदत संपेपर्यंत स्वतःच्या बळावर इंग्रजी लिहायला लागली तर ठेवू, नाहीतर परत लाइनवर. सरांनी ते माझ्यापासून लपवलं नाही. मी त्या दिवसापासून रोज खुर्चीवर पुढच्या कडेला बसायचे, जणू कुणी येऊन ऊठ म्हणणार आहे.

सर जेवणाच्या सुट्टीत शिकवायचे. शब्द मला हळूहळू येत गेले, डिक्शनरी होती. अडायचं ते चिन्हांशी. माझ्या पहिल्या अहवालात प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम होता. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे प्रत्येक ओळीला शेपूट कसलं लावलंयस?" मी म्हणाले, आमच्या काकांनी सांगितलं. काकांच्या मशीनच्या पडद्यावर प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ अर्धविरामानं संपते. त्यांनी आयुष्यात रोज वाचलेलं इंग्रजी म्हणजे तेवढंच, आणि मी विचारल्यावर त्यांनी मोठ्या विश्वासानं सांगितलं होतं, "ओळ झाली की ते टाकायचं, नाहीतर मशीन अलार्म देतं." सर इतके हसले की त्यांचे दडपे पोहे टेबलावर सांडले. मग डोळे पुसून म्हणाले, "काकांना माझा नमस्कार सांग. त्यांचं बरोबर आहे. पण माणसाला वाचायचं असेल तेव्हा नियम जरा वेगळा."

तो वेगळा नियम त्यांनी मला कसा सांगितला ते अजून कानात आहे. शाळेत आम्हाला सांगितलं होतं की दम लागेल तिथं स्वल्पविराम द्यावा. सर म्हणाले, "दमाचं काढून टाक डोक्यातून. तुझा दम आणि माझा दम सारखा आहे का? मी जिना चढलो तर प्रत्येक शब्दाला स्वल्पविराम देईन." स्वल्पविराम द्यायचा तो वाचणाऱ्याला कुठला शब्द कुणाच्या हातात हात घालून चाललाय ते कळावं म्हणून. 'व्हेन द बेल रँग, वी स्टॉप्ड.' आधी केव्हा ते सांगितलं, मग उंबरा, मग काय झालं ते. हातमोजे, गॉगल, बूट अशा तीन वस्तू सांगायच्या तर प्रत्येकीत थोडं अंतर. आणि दोन पूर्ण वाक्यांच्या मधे नुसता स्वल्पविराम चालत नाही. "दोन वाक्यं म्हणजे दोन बिऱ्हाडं. प्रत्येकाची चूल वेगळी. पण भिंत एक आहे, एकाकडं फोडणी टाकली की दुसऱ्याकडं ठसका लागतो. अशा दोघांच्या मधे अर्धविराम. पूर्णविराम दिलास तर तू त्यांना दोन वेगळ्या गल्ल्यांत पाठवलंस." मी म्हणाले, "द मशीन स्टॉप्ड; वी कॉल्ड मेंटेनन्स." सर म्हणाले, "शेजारी. एकदम शेजारी."

मला ते फार आवडायला लागलं. कुणाला सांगितलं तर हसतील, पण बसमधून जाताना मी लोकांच्या बोलण्यात चिन्हं घालायचे. मावशीच्या बोलण्यात सगळे स्वल्पविराम, काकांच्या बोलण्यात सगळे पूर्णविराम. आता माझ्या समोरचा कॉम्प्युटर स्वतःच चुकीच्या खाली लाल रेघ ओढतो आणि हाताखालच्या मुली ती रेघ जाईपर्यंत काहीही बदलत राहतात. मी त्यांना रागवत नाही. मला सबनीस सर भेटले, त्यांना रेघ भेटली.

अपघात झाला त्या दुपारी मी टेबलावरच होते. प्रेसचे धपके एकदम थांबले. ज्यांनी असल्या ठिकाणी काम केलंय त्यांना माहीत असतं, की तिथं आवाजाची भीती वाटत नाही, तो थांबला की वाटते. मी धावत गेले तेव्हा शालनताई जमिनीवर बसली होती, हातावर कुणीतरी आपली ओढणी गुंडाळली होती आणि ती रडत नव्हती. पोखरकरकडं बघून ती काय म्हणाली ते मी ऐकलं. "चुकी झाली सायेब." मग तिचे डोळे फिरले. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

काय झालं असेल ते लाइनवरच्या प्रत्येकीला न सांगता कळलं होतं. प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या उजेडाचा एक पडदा असतो. हात त्यातून आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. लाइनवर त्याला नुसतं पडदा म्हणायचे. हात जरा पुढं गेला तरी मशीन थांबतं, परत चालू करावं लागतं, माल कमी निघतो. म्हणून जेवणाची सुट्टी संपली की पोखरकर एक चावी फिरवून तो पडदा बंद करायचा. "चावी फिरली" म्हटलं की बायका पदर खोचून भराभर हात चालवायच्या, कारण टार्गेट झालं तरच वेळेवर बस. हे रोजचं होतं. इतकं रोजचं, की त्यात लपवण्यासारखं काही आहे असंही कुणाला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर आणि मी पिंपरीला दवाखान्यात गेलो. अपघात झालेल्या माणसाचा जबाब मराठीत घ्यायचा, त्याचं इंग्रजी करायचं, आणि त्या इंग्रजीवर त्याची सही घ्यायची, अशी पद्धत होती. नुकसानभरपाई, पुढची नोकरी, सगळं त्या एका पानावर ठरायचं. शालनताई उशीला टेकून बसली होती. तिची सासू पायाशी, पदर तोंडाला लावून. सर म्हणाले, "शालनबाई, काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. ही लिहून घेईल."

"माजीच चुकी झाली सायेब," शालनताई म्हणाली. मग डाव्या हातानं चादर सारखी करून बोलायला लागली. "जेवान झालं. पोखरकर सायबांनी चावी फिरवली, रोज फिरवत्यात तशी. आमी लागलो कामाला. एक पार्ट आडाकला. म्या हात घातला. पडदा चालू आसता तर मशीन थांबली आसती की, पन तो कुटं चालू. वरनं आली खाली. आवाजबी नेहमीसारखाच झाला सायेब, म्हनून मला आदी कळलंच न्हाई." सासू मधेच म्हणाली, "हिला परत कामावर घेत्याल ना?" सरांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की कशी ते मला कळलं नाही.

कंपनीत परत आलो तेव्हा सरांच्या टेबलावरचा फोन वाजत होता. पलीकडं प्लँट मॅनेजर होते. सर उभे राहून ऐकत होते आणि नुसते "हो" आणि "समजलं" म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी एका चिठ्ठीवर इंग्रजीत दोन छोटी वाक्यं लिहून माझ्याकडं सरकवली. माझी चूक झाली. मी हात आत घातला. प्रत्येकाच्या शेवटी ठसठशीत पूर्णविराम.

"एवढंच टाईप कर. जबाब छोटाच असतो."

मी चिठ्ठीकडं बघत बसले. दोन्ही वाक्यं शालनताईनं म्हटलेली होती. त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि तेच मला सगळ्यात भयंकर वाटत होतं, कारण खोटं असतं तर निदान बोट ठेवता आलं असतं. सर खिडकीशी उभे होते, पाठ माझ्याकडं. मला त्या माणसानं खुर्ची दिली होती, जेवणाची अर्धी सुट्टी रोज दिली होती, माझ्या काकांना नमस्कार सांगितला होता. कॉन्ट्रॅक्टची मुदत त्याच महिन्यात संपत होती. लाइनवर परत गेले तर पाय सुजतील, ते सोसलं असतं. पण सरांच्या डोळ्यांत मी उपकार विसरलेली मुलगी झाले तर त्याचं काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

मी टाईप केलं. सरांची दोन वाक्यं केली. मग हात थांबेनात. खाली मी वहीतला जबाब बघून शालनताईचं पूर्ण बोलणं एका वाक्यात घातलं. जेवणाच्या सुट्टीनंतर, रोजच्यासारखी, सुपरवायझरनी चावी फिरवली; उजेडाचा पडदा बंद झाला; पार्ट अडकला, मी हात घातला, आणि प्रेस खाली आली. इंग्रजीत ते करायला मला तास गेला असेल. मधे पूर्णविराम द्यायला माझं मन घेईना. एकाच भिंतीची बिऱ्हाडं होती ती. चावीला एका गल्लीत आणि हाताला दुसऱ्या गल्लीत कसं पाठवायचं? फक्त 'माझी चूक झाली' हे कुठं घालावं ते मला सुचत नव्हतं. ते त्या वाक्यात कुठंच बसेना.

सरांनी कागद घेतला. वाचला. परत वाचला.

"हे खालचं तुला कुणी सांगितलं लिहायला?"

"शालनताई बोलल्या, सर."

"मी होतो तिथं."

"मग तुम्ही ऐकलंत, सर," असं माझ्या तोंडून गेलं. मी खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "चुकी झाली, सर."

बाहेर प्रेस चालू झाल्या होत्या, त्यांच्या धपक्यात टेबलावरच्या पेन्सिली हलत होत्या. मग सरांनी विचारलं, "आत्ता कुठली चूक झाली?"

मी म्हणाले, "कुठली नाही, सर."

"मग का म्हणालीस?"

"असंच. सवय आहे. लाइनवर सगळेच म्हणतात."

"शालन?"

"सगळ्यात आधी तेच म्हणतात, सर. मग काय झालं ते सांगतात. बस उशिरा आली तरी म्हणतात. आपल्याकडं रागानं बघू नये म्हणून."

सरांनी चष्मा काढला. इतकी वर्षं ते त्या कंपनीत होते, कित्येक जबाब त्यांनी घेतले असतील, आणि त्यातले किती त्या एका वाक्यानं सुरू झाले असतील, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून जाताना मी पाहिलं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. मुलगी इंजिनिअरिंगला होती, हेही मला माहीत होतं. ते म्हणाले, "सही ती करणार. दोन्ही तिला वाचून दाखव. मराठीत. एकही शब्द खाऊ नकोस."

दोन्ही मजकूर वेगवेगळ्या कागदांवर टाईप करून आम्ही दवाखान्यात गेलो. तिथं मी आधी सरांची दोन वाक्यं मराठीत वाचली. शालनताई ऐकत होती. मी थांबले तशी म्हणाली, "पुडं?"

"एवढंच आहे, ताई."

"एवडंच? आनि ही चुकी झाली म्हनून कोन म्हनलं?"

"तुम्हीच म्हणालात."

"म्या?" ती सासूकडं वळली. "आत्याबाई, मी म्हनले?" सासू म्हणाली, "तू झोपंतबी म्हनतीस." शालनताईनं आपल्या बांधलेल्या हाताकडं पाहिलं, जणू तो आत्ता कुणीतरी तिच्या मांडीवर आणून ठेवलाय. "आगं, ते आसंच म्हनतो आपन. ते काय लिवायचं आसतं व्हय?"

मी दुसरा कागद वाचला, हळूहळू, जिथं स्वल्पविराम होता तिथं थोडं थांबून आणि अर्धविराम होता तिथं जास्त थांबून. वाचताना मी सरांकडं बघायचं टाळत होते. शालनताई प्रत्येक तुकड्याला मान हलवत होती. "व्हय. व्हय. आसंच झालं." मग ती सरळ सरांना म्हणाली, "सायेब, ह्यावं सही केली तर मला कामावरनं काडत्याल का?"

आयुष्यात मी पुष्कळ माणसांना अवघड प्रश्नाचं उत्तर देताना पाहिलंय, पण असं नाही. सर म्हणाले, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, शालनबाई. पण पहिल्या कागदावर सही केलीत तर पैसे मिळणार नाहीत, हे माहीत आहे."

"आनि तुमी? तुमाला बोलत्याल?"

"बोलतील."

शालनताईनं डावा हात पुढं केला. मी पेन दिलं. डाव्या हातानं तिनं कधी सही केली नव्हती. अक्षरं पानभर सांडली, आणि शेवटचा 'न' सरांच्या नावापर्यंत गेला. साक्षीदार म्हणून सरांनी त्याच्या खाली सही केली. दोन वाक्यांचा कागद सरांनी घडी घालून खिशात ठेवला. त्याचं पुढं काय केलं ते मी विचारलं नाही.

हेड ऑफिसहून बर्वे मॅडम आल्या. चौकशीचं काम त्यांच्याकडं होतं. उंच बाई, केस बारीक कापलेले, पाणीसुद्धा न घेता त्यांनी कागद टेबलावर पसरला. प्लँट मॅनेजर बाजूला उभे होते. मॅडमनी विचारलं, "हे इंग्रजी कुणी लिहिलंय? ऑपरेटरचा जबाब असा नसतो. हे बसून रचलेलं वाक्य आहे."

"मी लिहिलंय," सबनीस सर म्हणाले.

सरांनी ते इतक्या सहज म्हटलं होतं, की मी गप्प बसले असते तर तसंच राहिलं असतं, आणि माझी खुर्चीही राहिली असती. "नाही मॅडम," मी म्हणाले. "मी लिहिलंय."

मॅडमनी आमच्या दोघांकडं पाहिलं. "एका वाक्याला दोन लेखक?"

"वाक्य शालनताईंचं आहे, मॅडम," मी म्हणाले. "स्वल्पविराम आणि अर्धविराम तेवढे माझे."

प्लँट मॅनेजर काहीतरी बोलायला लागले. मॅडमनी त्यांच्याकडं न बघता हात वर केला आणि म्हणाल्या, "चावी दाखवा मला." मग ते तिघं प्रेस चालतात त्या शॉपकडं गेले. मी टेबलाशी उभी राहिले. बसावं की नाही ते कळेना.

शालनताईला भरपाई मिळाली आणि बरी झाल्यावर स्टोअरमध्ये बसायचं काम मिळालं; तिथंही तिची बडबड काही कमी झाली नाही. पोखरकरला दुसऱ्या प्लँटला पाठवलं. सरांना कुणी काही बोललं असेल तर ते त्यांनी मला सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ते शॉपमधल्या बाकावर येऊन बसायचे आणि कालच्या वाक्यापासून पुढं शिकवायला लागायचे. शॉपमध्ये यायचे, कारण माझी खुर्ची गेली होती. प्लँट मॅनेजरांनी माझी मुदत वाढवली, पण लाइनवर. "तात्पुरतं," म्हणाले. ते तात्पुरतं दोन पावसाळे चाललं.

ज्या दिवशी परत लाइनवर गेले त्या दिवशी मला शालनताईच्याच प्रेसवर उभं केलं. जेवणाची सुट्टी संपली, सगळ्या आपापल्या जागी आल्या आणि सवयीनं नव्या सुपरवायझरकडं बघायला लागल्या. तो नुसता उभा होता. चावीच्या जागी भोक बुजवून पत्रा ठोकला होता. मी प्रेस चालू केली. ती वरून निघाली तसा मी हात उजेडाच्या पडद्यात घातला. मशीन अर्ध्यात थांबलं. शेजारची म्हणाली, "काय गं, काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही." हात बाहेर काढला, मशीन परत चालू केलं, आणि पुन्हा एकदा घातला. पुन्हा थांबलं.